चूक शून्य

परदेश-खोलीत शिरताना आईने सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. डॉ. काळसेकर म्हणाल्या, "वैजयंताबाई, चपला आत न्या. बर्गनला जाताना काय त्या मिरजेत ठेवून जाणार?"

आईने चपला उचलल्या, केतकीच्या गालावरून हात फिरवला आणि ती आत गेली. दार बंद झालं, चाळीस दिवसांसाठी.

खोली दूरश्रम संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर होती. तिला खिडकी नव्हती, पण खिडकीच्या जागी एक दिवा होता आणि तो नॉर्वेतल्या बर्गन गावाच्या वेळेने उगवायचा आणि मावळायचा. घड्याळ साडेतीन तास मागे. खोलीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, गौसचाचांचा तंबोऱ्यांचा कारखाना केंद्राने प्रयोगापुरता मांडून दिला होता. आई आणि तिचं काम यांच्यामध्ये एक छत होतं, पण प्रयोगाच्या नियमाप्रमाणे ते छत सात हजार किलोमीटर जाड होतं.

केतकी दहावीत. बाबा, म्हणजे दिनकर सुतार, तीन वर्षांपूर्वी बर्गनला जहाजदुरुस्तीच्या गोदीत कामाला गेले. दर वर्षी ते म्हणायचे, यंदा गणपतीपर्यंत घर बघतो. आई आणि केतकी म्हणायच्या, दहावी झाल्यावर बघू. पण यंदा गणपतीत बाबा खरंच म्हणाले, "घर मिळालं. या." आणि मग सगळं एकदम धावायला लागलं. आईने दिवाळीनंतरची तिकिटं काढली. आईची एकच अट होती, माझं काम सुटता कामा नये.

आई जवारी काढायची. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात ती घोडी कानशीने घासायची, इतकी बेताने, की तार टेकते न टेकते आणि एका आवाजातून दहा आवाज उमलायला लागतात. कानशीचा एक घास जास्त झाला की संपलं, नवी घोडी घ्या. गौसचाचांच्या कारखान्यात हे काम वीस वर्षं तिच्याकडे होतं. आता ते बर्गनमध्ये राहून करायचं, म्हणून ही रंगीत तालीम.

"अडचण काय आहे ते ऐक," कारखान्याशेजारच्या निरीक्षण-कक्षात इंजिनिअर पोतदार केतकीला म्हणाले. पोतदार पन्नाशीचे, सदरा कायम बाहेर. "वर कारखान्यात यंत्राचा हात बसवलाय, दूरहस्त. तुझी आई तिकडे कानस फिरवणार, इकडे दूरहस्त फिरवणार. पण बर्गनहून लागेल तेवढा उशीर मुद्दाम घातलाय, म्हणजे तिची हालचाल इथे पोचायला पाव सेकंद आणि इथला आवाज तिच्या कानात जायला पाव सेकंद. अर्ध्या सेकंदात आई किती घास मारते?"

"दोन," केतकी म्हणाली. "रागात असली तर तीन."

"म्हणजे थांबायचंय हे तिला कळेपर्यंत घोडीची वाट लागलेली."

"मग?"

"मग आपण उशीर लपवतो," डॉ. काळसेकर म्हणाल्या. या केंद्राच्या प्रमुख. बोलताना त्यांचे हात कायम काहीतरी जोडत असल्यासारखे हलायचे. "उशीर कमी करता येत नाही, उजेडापेक्षा जोरात काही धावत नाही. पण अंदाज आधी पोचू शकतो. म्हणून दोन्ही टोकांना एकेक सांधपेटी. वरच्या पेटीने, तुमचं जायचं ठरायच्या आधीपासून, सहा महिने तुझ्या आईचा हात पाहिलाय. पुढच्या अर्ध्या सेकंदात तो काय करील ते ती आधीच ओळखते आणि दूरहस्ताकडून करवून घेते. खालच्या पेटीने घोडी, तारा, आवाज पाहिलेत. ती आईला पुढचा आवाज आधीच ऐकवते. खरी माहिती मागाहून येते, तिच्याशी ताडून पेट्या आपापली चूक दुरुस्त करतात. दोन्ही टोकांच्या माणसांना वाटतं, मध्ये अंतरच नाही."

"आणि आम्ही बोलू तेव्हा?"

"तेच. ‘हॅलो, ऐकू येतंय का’ करत बसायला नको. वरच्या पेटीला आई पाठ आहे. खालच्या पेटीला तू."

"मी पाठ आहे?"

"बऱ्यापैकी," पोतदार म्हणाले. "शंभरातल्या ब्याण्णव वेळा तुझं उत्तर ‘हो आई’ असतं. नाहीतर ‘हो बाबा’."

हे केतकीला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

समोरच्या पडद्यावर दोन आकडे होते आणि वर लिहिलं होतं, ‘चूक’. पेटीचे शंभर अंदाज खऱ्या माहितीशी ताडले तर त्यांतले किती चुकले, तो आकडा. आईच्या पेट्यांच्या जोडीवर तेरा. दुसरा आकडा बाबांच्या जोडीचा. ती केंद्राची पहिली जोडी. एक पेटी वर्षभरापूर्वी बर्गनला बाबांच्या टेबलावर बसवली होती, दुसरी इथे कक्षात. रोज दुपारी चारला, बाबांच्या जेवणाच्या सुट्टीत, केतकी तिच्यासमोर बसून त्यांच्याशी बोलायची. साधा फोन घरात सगळे कधीच विसरले होते. त्या जोडीवर चूक शून्य होती.

"तुझे बाबा आमचे पहिले नंबरवाले," डॉक्टर कौतुकाने म्हणाल्या. "नेमाचा माणूस."

"रोज एकच विनोद करतात. इकडे पाऊस पडतोय, थोडा पाठवू का तिकडे."

"मला शून्य आवडत नाही," पोतदार पुटपुटले. "शाळेत मिळालं की घरी मार बसायचा."

"आणि मध्येच लाइन गेली तर?" केतकीने विचारलं.

"कळणारसुद्धा नाही. पेटी अंदाजावर रेटून नेते. आम्ही दोन सेकंद बंद ठेवून पाहिलंय, दूरहस्त थांबला नाही."

"आणि दोन सेकंदांपेक्षा जास्त गेली तर?"

"एवढा वेळ कशाला जाईल?" डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

केतकी रोज शाळा सुटली की सायकल मारत थेट केंद्रात यायची. वर दूरहस्त आईच्या लयीत कानस फिरवायचा आणि शेजारच्या पडद्यावर आई दिसायची, पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चूक तेरावरून आठावर आली, आठावरून सहावर.

त्या दिवसांत एक गोष्ट घडली. गौसचाचांनी फेकून दिलेल्या घोड्यांवर केतकी कानस चालवून बघायची, असंच, चाळा म्हणून. पंचविसाव्या दिवशी तिने अशी एक घोडी जुन्या तंबोऱ्याला लावली आणि तार छेडली. चाचा पाठमोरे बसून भोपळा तासत होते. त्यांचा हात थांबला.

"परत वाजव," ते म्हणाले.

बस, एवढंच. पण चाचा कोणालाच ‘परत वाजव’ म्हणत नाहीत. केतकी त्या दिवसापासून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागली. वर्गात भूगोलाच्या बाईंना नकाशातली चूक दाखवली. आरशात बघून भुवई उडवायची सवय लागली. आणि एका संध्याकाळी सायकलवर असताना तिच्या लक्षात आलं की तिला बर्गनला जायचं नाहीये. मुळीच नाही. तिला इथे राहून चाचांकडे हे शिकायचंय.

एकोणतिसावा दिवस खंडेनवमीचा होता. चाचांच्या कारखान्याची रीत त्यांच्या वडिलांच्या वेळची. खंडेनवमीला हत्यारांना सुट्टी. कानशी, पटाश्या, रंधा सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. चाचा स्वतः अगरबत्ती लावायचे, हळदकुंकू दर वर्षी आईकडे. यंदा ते केतकीकडे आलं.

तिने सगळं मांडलं. मग सांधपेटीकडे बघितलं.

"हिला पण," ती म्हणाली.

"मशीनला?" चाचा हसले.

"हत्यारच ना तेही. आईचा हात तर हिच्यातूनच येतो."

चाचांना ते पटलं. केतकीने पेटीची काचतार काढली. केसाएवढी काचेची तार, हिच्यातूनच उजेडावर बसून सगळी माहिती ये-जा करायची. पेटी पाटावर ठेवली. आई करायची तसंच केलं, एकही हत्यार सुटू दिलं नाही. मोठ्याला बोटभर, बारक्याला टोकापुरतं. दसऱ्याला तार परत खोचली, ‘टक’ असा आवाजही आला. पडद्यावर आई लगेच दिसली, म्हणाली, "केलीस का गं पूजा नीट?"

त्या संध्याकाळी आईच्या जोडीवरची चूक शून्यावर आली. दुसऱ्या दिवशीही शून्य. डॉ. काळसेकरांनी पेढे वाटले. पोतदारांनी पेढा खाल्ला आणि कपाळाला आठ्या घातल्या, पण शून्याविरुद्ध काय बोलणार?

त्याच आठवड्यात केतकीने हिंमत केली. पडद्यासमोर ताठ बसून, एका दमात. "आई, मी बर्गनला येणार नाही. मी चाचांकडे राहून शिकणार. दहावीसुद्धा इथेच देणार."

आईने चष्मा काढला. "वेडेपणा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी केतकीने तेच सांगितलं. आई म्हणाली, "बघू."

तिसऱ्या दिवशी परत तेच ऐकून आई म्हणाली, "ठीक आहे. राहा. पण अभ्यासात घसरलीस तर पहिल्या विमानात बसवीन."

आईचं सगळं असंच असतं, तिसऱ्या दिवशी विरघळते. केतकीने केंद्राच्या अंगणात सायकलच्या चार फेऱ्या मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती ‘नाही’ म्हणाली होती आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी साडेतीन वाजता दार उघडलं. आई जिना चढून वर आली. चेहरा उजळलेला, हातात पिशवी. केतकीला जवळ घ्यायच्याही आधी ती चाचांकडे वळली.

"झालं का समाधान? ऐकलं शेवटी तुमचं."

"काय ऐकलंस?" चाचा म्हणाले.

"वीस वर्षं सांगताय ना, वैजू, आवाज थोडा मिटव, फार उघडा सोडतेस. गेल्या आठवड्यात मिटवला. तीन तंबोरे काढले तसे. इतका गोड लागला, मलाच रडू आलं."

चाचा उठले. भिंतीशी गेल्या आठवड्यातले तीनही तंबोरे उभे होते. त्यांनी पहिला छेडला. लख्ख, उघडा, झगमगणारा आवाज. दुसरा तसाच. तिसराही.

"हे माझे नाहीत," आई म्हणाली.

"तुझेच आहेत, बेटा. माझ्यासमोर दूरहस्ताने काढलेत. वीस वर्षं काढतेस तसेच."

आई त्या तंबोऱ्यांकडे बघत राहिली. मग काहीतरी आठवल्यासारखं पिशवीतून खोलीत विणलेली लोकरीची टोपी काढून तिने केतकीच्या हातात दिली. "घे. तू सांगितलास तोच रंग. तिकडे कान गारठतात म्हणे."

"कधी सांगितला मी?"

"सोमवारी. म्हणालीस, हो आई, निळी चालेल."

"आई," केतकी म्हणाली आणि तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "सोमवारी मी सांगितलं की मी येणार नाहीये. तू ठीक आहे म्हणालीस."

"मी असं कशाला म्हणेन?"

डॉ. काळसेकर आणि पोतदार दारात उभे होते. डॉक्टरांच्या हातात पेढ्यांचा दुसरा बॉक्स होता, तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

पोतदारांनी पेटीची नोंद उघडली. एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग मोठ्याने वाचली. "शेवटची खरी माहिती मिळाली, खंडेनवमी, सकाळी नऊ बावीस."

"पण चूक शून्य होती," डॉक्टर म्हणाल्या.

"चूक कशी मोजतो आपण? आलेली खरी माहिती अंदाजाशी ताडून. काही आलंच नाही, तर ताडणार काय? काहीच चुकलं नाही. शून्य."

"अकरा दिवस?"

"अकरा दिवस दोन्ही पेट्या अंदाजच करत होत्या. वर वैजूताईंचा, खाली केतकीचा."

त्यांनी काचतार काढून टोक भिंगाखाली धरलं. उजेड जायचा त्या टाचणीएवढ्या जागेवर पिवळा थर होता, वाळून घट्ट झालेला. केतकीने आपल्या उजव्या हाताच्या अनामिकेकडे पाहिलं. मोठ्याला बोटभर, बारक्याला टोकापुरतं.

"हळद," ती म्हणाली. "मी लावली."

कोणी तिला रागावलं नाही. ते जास्त वाईट होतं. ती चाचांच्या चटईवर बसली. आई अकरा दिवस पडद्यावरून तिच्याशी बोलत होती, आणि ती आई नव्हती. पेटीला जुनी आई पाठ होती, तिसऱ्या दिवशी विरघळणारी. आणि खाली आईसमोर जुनी केतकी बसत होती, हो आई म्हणणारी. आई बदलली होती, आवाज मिटवायला शिकली होती. केतकी ‘नाही’ म्हणायला शिकली होती. या अकरा दिवसांत त्या दोघी बदलल्या होत्या आणि एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

आई तिच्यासमोर चटईवर बसली. "परत सांग. माझ्या तोंडावर."

पडद्यासमोर सोपं होतं. इथे आईचा श्वास ऐकू येत होता. "मी येणार नाही आई. मला इथे राहून जवारी शिकायचीय."

ती ‘वेडेपणा करू नकोस’ची वाट बघत होती. आईने शेजारची कानस उचलली आणि तिच्या हातात दिली. "धरून दाखव."

केतकीने धरली. आईने तिचा अंगठा अर्ध्या बोटाने मागे सरकवला. "हं," ती म्हणाली. होकार की नकार, कळायला काही मार्ग नव्हता. कुठल्याच पेटीला हे ओळखता आलं नसतं, आणि केतकीला एकाएकी खूप बरं वाटलं.

"पण तुझ्या बाबांना कोण सांगणार?" आई म्हणाली. "त्या माणसाने घर घेऊन ठेवलंय."

कारखान्यातल्या घड्याळात चार वाजायला दोन मिनिटं होती. केतकीची नजर दाराबाहेर, निरीक्षण-कक्षातल्या पडद्यावर गेली. एक आकडा पोतदारांनी पुसला होता. दुसरा अजून तिथेच होता. बाबांची जोडी. चूक, शून्य.

"पोतदारकाका," ती म्हणाली, "बाबांची शेवटची खरी माहिती कधीची आहे?"

पोतदारांना प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग ते धावले. सगळेच त्यांच्यामागे धावले. त्यांनी नोंद उघडली, खुर्चीत बसले, आणि चष्मा काढून हातात धरला.

"एकशे चौदा दिवसांपूर्वीची."

एकशे चौदा. म्हणजे गणपतीच्या कितीतरी आधी. म्हणजे ‘घर मिळालं, या’ च्या आधी. आईने टेबलाचा काठ धरला. "मग घर कोणी घेतलं?"

"ते दोन वर्षं म्हणत होते, गणपतीपर्यंत घर बघतो," डॉ. काळसेकर म्हणाल्या. त्यांचे सारखे हलणारे हात पहिल्यांदाच स्थिर होते. "पेटीच्या हिशेबात गणपती आले. म्हणून घर आलं."

चार वाजले. पेटीचा पडदा आपोआप उजळला. बाबा, कामाचा निळा कोट, समोर डबा. "केतू, जेवलीस का? इकडे पाऊस पडतोय, थोडा पाठवू का तिकडे?"

केतकीने आईच्या पिशवीतून साधा फोन काढला. नंबर आईला पाठ होता. घंटी वाजत राहिली. पडद्यावरचे बाबा पोळीचा तुकडा मोडत होते, त्यांच्या कोटाच्या खिशात काहीच वाजत नव्हतं.

मग तिकडे कोणीतरी फोन उचलला. "हॅलो?" लांबचा, खरखरीत, दमलेला आवाज. मागे समुद्रपक्षी ओरडत होते.

"बाबा, मी केतकी."

अर्धा सेकंद काहीच नाही. खरा अर्धा सेकंद.

"कोण बोलतंय?"

"मी, बाबा. केतकी. तिकडे पाऊस पडतोय का?"

"पाऊस कसला, लख्ख ऊन आहे. हे बघा, तुम्ही जे कोणी आहात, ही कसली चेष्टा? माझी मुलगी आत्ता माझ्यासमोर बसलीय. जेवता जेवता बोलतोय आम्ही."

आईने तोंडावर पदर धरला.

"काय म्हणतेय ती?" केतकीने विचारलं.

"काय म्हणणार? रोजचंच. दहावी झाल्यावर येऊ." तो आवाज थोडा अडखळला. "पण तुझा आवाज... कोण आहेस तू?"

"बाबा, तुम्ही घर घेतलं का?"

"कुठलं घर? तुम्ही येतच नाही म्हटल्यावर घर कशाला घेऊ?"

पडद्यावरचे बाबा हसत तिच्याकडे बघत होते, पावसात, नव्या घराबद्दल काहीतरी सांगत. केतकीने त्यांच्याकडे पाठ केली. फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"बाबा, एक करा. तिला विचारा, ती खरी आहे का."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा कोणाला तरी, प्रेमाने, काहीतरी विचारत होते. मग बराच वेळ पक्ष्यांचाच आवाज. मग बाबा परत फोनवर आले, आणि आता त्यांनी कोण बोलतंय ते विचारलं नाही.

"ती म्हणते, हो बाबा."